कंसाच्या डोक्यावरचा आकडा

अगं, सगळ्यांत आधी एक गोष्ट पक्की कर. कंसाच्या डोक्यावर लिहिलेला चार्ज धातूचा नसतो, अख्ख्या कंसाचा असतो. कॉम्प्लेक्सच्या धड्यात मुलांचे मार्क बेरीज-वजाबाकीत जात नाहीत, इथे जातात. कंसावर +२ दिसलं की हात आपोआप +२ लिहून मोकळा होतो. सामाईक सातबाऱ्यावर चढलेला बोजा जसा सगळ्या खातेदारांचा मिळून असतो, तसा हा चार्ज मधला धातू आणि त्याला धरून बसलेले लिगँड यांचा मिळून असतो. लिगँडांचा वाटा बाजूला काढलास की उरेल तो धातूचा. हे मला आमच्या बाईंनी सांगितलं, मी माझ्या वर्गांना सांगत आले, आणि आता तू बारावीला आलीस म्हणून तुला सांगते.

ही वाईट सवय लागते कुठून? पहिली उदाहरणंच तशी असतात. मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया जास्त घातला की गर्द निळा रंग येतो. त्या आयनात एक तांबं, चार अमोनिया आणि कंसावर +२. तांब्याचा ऑक्सिडेशन नंबरही +२ च. टॉलेन्सच्या द्रावणात एक चांदी, दोन अमोनिया, कंसावर +१, आणि चांदीही +१. दोन्हीकडे आकडा जुळला, कारण अमोनियावर चार्जच नाही. त्याचा वाटा शून्य. मुलं मात्र नियम असा समजून बसतात की कंसावरचं तेच धातूचं. मग एखादा क्लोरीन नाहीतर सायनाइड कंसात शिरला की उत्तर चुकतं, आणि का चुकलं ते कळत नाही.

आता वही घे. सूत्रं मी तोंडी सांगेन, तू उतरव. सूत्र ऐकून लिहिताना कंस कुठे उघडला, कुठे मिटला याकडे लक्ष द्यावंच लागतं, आणि या विषयात निम्मं काम तेवढंच आहे.

लिही: कंस उघड, कोबाल्ट एक, अमोनिया पाच, क्लोरीन एक, कंस बंद, बाहेर क्लोरीन दोन. आधी कंसाबाहेर बघ. बाहेरचे दोन क्लोराइड मिळून −२, म्हणजे कंसावर +२. तो आकडा पेन्सिलीने कंसाच्या डोक्यावर लिही. आता कंसाच्या आत ये. कोबाल्टला क्ष म्हण. पाच अमोनियांचं शून्य, एका क्लोराइडचं −१. क्ष + ० − १ = +२. क्ष आला +३. बघ, कंसावर +२ आणि कोबाल्ट +३.

आता आतला एक क्लोरीन काढून त्याच्या जागी अमोनिया बसव आणि क्लोरीन बाहेर ठेव. आत सहा अमोनिया, बाहेर तीन क्लोरीन, कंसावर +३, कोबाल्ट +३. उलट दिशेला जा: आत चार अमोनिया आणि दोन क्लोरीन, बाहेर एक क्लोरीन. कंसावर +१, पण क्ष − २ = +१, म्हणजे कोबाल्ट पुन्हा +३. कंसावरचा आकडा तीन, दोन, एक असा उतरत गेला आणि कोबाल्ट जागचा हलला नाही. माझं म्हणणं या तीन ओळींत सगळं आलं. या तीन ओळी पाठ करू नकोस, पण दोन-तीनदा स्वतःच्या हाताने लिहून बघ.

ही तीन संयुगं मी उगाच निवडली नाहीत. रसायनशास्त्रातला एक मोठा वाद त्यांच्यावरच झाला. पहिलं पिवळसर, दुसरं जांभळट, आणि तिसऱ्याचं एक रूप हिरवं तर दुसरं व्हायोलेट. तिन्हींत एका कोबाल्टमागे क्लोरीन तीनच. तरीही थंड द्रावणात सिल्व्हर नायट्रेट घातलं की पहिल्यातून तिन्ही क्लोराइड पांढऱ्या अवक्षेपात येतात, दुसऱ्यातून दोन आणि तिसऱ्यातून एकच. उरलेले गेले कुठे? आल्फ्रेड वेर्नरने १८९३ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, याचं उत्तर मांडलं: काही क्लोराइड धातूला थेट धरलेले आहेत, ते सहजासहजी सुटत नाहीत; बाकीचे बाहेर मोकळे आहेत, तेच चांदीला भेटतात. आपण जो चौकोनी कंस काढतो, त्याच्यामागे ही कल्पना आहे. मिओलातीबरोबर त्याने अशा द्रावणांची विद्युतवाहकताही मोजली. अमोनियाच्या जागी ऋण लिगँड एकेक करून आणला, तशी वाहकता घटत गेली, जिथे कंसावर शून्य होतं तिथे जवळजवळ नाहीशी झाली, आणि कंस ऋण झाल्यावर पुन्हा वाढू लागली. कंसावरचा चार्ज खरोखर द्रावणात मोजता येतो, तो कागदावरचा खेळ नव्हे, हे त्या वाहकतेने दाखवलं. १९१३ चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. मी हे इतकं लांबवते कारण चांदीची ती परीक्षा डोळ्यांसमोर असली की बाहेरचा क्लोरीन आणि आतला क्लोरीन यांत तुझी गल्लत होणार नाही.

आतलं बाहेरचं ओळखायची आणखी एक जोडी आहे, परीक्षेत ती हमखास विचारतात. कोबाल्टबरोबर पाच अमोनिया आणि एक ब्रोमीन आत, सल्फेट बाहेर. दुसऱ्या संयुगात सल्फेट आत, ब्रोमीन बाहेर. पहिलं व्हायोलेट, दुसरं लाल. पहिल्याला बेरियम क्लोराइडने पांढरा अवक्षेप येतो, दुसऱ्याला येत नाही. पहिल्यात कंसावर +२, क्ष − १ = +२. दुसऱ्यात कंसावर +१, क्ष − २ = +१. दोन्हींत कोबाल्ट +३.

बाहेरच्या आयनांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पोटॅशियम, सोडियम +१, क्लोराइड, नायट्रेट −१, सल्फेट −२. फक्त अमोनियम आणि अमोनिया यांत घोळ घालू नकोस. लिही: बाहेर अमोनियम एक, कंसात क्रोमियम एक, अमोनिया दोन, थायोसायनेट चार, मग टिंब आणि पाणी एक. हे राइनेकेचं मीठ. बाहेरचा अमोनियम +१, म्हणून कंसावर −१. आतल्या अमोनियांचं शून्य, चार थायोसायनेटांचे −४. क्ष − ४ = −१, क्रोमियम +३. टिंबानंतरचं पाणी स्फटिकातलं, त्याचा हिशेबात काही संबंध नाही.

आता ऋण कंसाकडे वळू. स्वयंपाकघरातली मिठाची पुडी उलटून बघ. काही पुड्यांवर बारीक अक्षरात आयएनएस ५३६ असं लिहिलेलं सापडेल. ते पोटॅशियम फेरोसायनाइड. मिठाच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते अगदी थोडं घालतात. बाहेर चार पोटॅशियम, आत एक लोह आणि सहा सायनाइड. बाहेर +४, म्हणजे कंसावर −४. सहा सायनाइडांचे −६. क्ष − ६ = −४, लोह +२. नावात सायनाइड आहे म्हणून घाबरू नकोस. ते लोहाला इतकं घट्ट धरून असतं की सहज सुटत नाही. सुटं सायनाइड आणि कंसातलं सायनाइड यांत जीव घेण्याइतका फरक आहे. प्रयोगशाळेत याच्या शेजारच्या बाटलीत तांबडे स्फटिक असतात, पोटॅशियम फेरीसायनाइडचे. तिथे पोटॅशियम तीनच, कंसावर −३, क्ष − ६ = −३, लोह +३. पिवळी बाटली +२ ची, तांबडी +३ ची. आत सहा सायनाइड दोन्हीकडे सारखेच. बाहेरचा एक पोटॅशियम कमी झाला आणि लोहाचा नंबर एकाने वाढला.

उणे आकडे आले की मुली-मुलांची चिन्हं चुकतात. त्यावर आमच्या बाईंचा उपाय साधा होता, आणि मला त्याहून चांगला सापडला नाही: मनात हिशेब करायचा नाही, समीकरण लिहायचं, आणि प्रत्येक आकड्याआधी त्याचं चिन्ह लिहायचं, अधिक असलं तरी. बोर्डाच्या पेपरात लिहिलेलं समीकरण तुला सांभाळून घेतं. सीईटीत कोणी समीकरण बघणार नाही, पण तिथेही कच्च्या कागदावर एक ओळ लिहिण्याइतका वेळ असतो.

पूर्ण मीठ दिलेलं असेल तर ताळा करायची दुसरी वाटही आहे. आत-बाहेर न बघता सगळ्यांची बेरीज शून्य धर. फेरोसायनाइडमध्ये +४, −६ आणि क्ष मिळून शून्य, म्हणून क्ष +२. तेच उत्तर. दोन्ही वाटांनी उत्तर जुळलं की पुढे जा. पण प्रश्नात नुसता आयन दिलेला असेल, बाहेर कोणीच नसेल, तर बेरीज शून्य धरायची नाही. ती कंसावरच्या आकड्याइतकी धरायची. ही चूक हुशार मुलंही करतात, कारण शून्याची सवय झालेली असते.

आता लिगँडांचा चार्ज. यादी लहान आहे, ती यायलाच हवी. पाणी, अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड, इथिलीनडायअमीन, पिरिडीन, ट्रायफेनिलफॉस्फीन यांचं शून्य. क्लोराइड, ब्रोमाइड, सायनाइड, हायड्रॉक्साइड, नायट्राइट, थायोसायनेट यांचं −१. ऑक्झलेट, कार्बोनेट, सल्फेट, ऑक्साइड यांचं −२. पण यादीपेक्षा मोठा फास वेगळाच आहे, आणि तिथे मी प्रत्येक वर्गाला थांबवत असे: लिगँड किती हातांनी धरतो आणि त्यावर चार्ज किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथिलीनडायअमीन दोन हातांनी धरतं, चार्ज शून्य. ग्लायसिनेट दोन हातांनी धरतं, चार्ज −१. ऑक्झलेटही दोनच हातांनी धरतं, चार्ज −२. ईडीटीए सहा हातांनी धरतं आणि त्यावर चार्ज −४. हात मोजशील तेव्हा कोऑर्डिनेशन नंबर मिळेल. चार्ज मोजशील तेव्हाच ऑक्सिडेशन नंबर. क्रोमियमला तीन ऑक्झलेट, कंसावर −३: क्ष − ६ = −३, क्रोमियम +३. कोबाल्टला तीन इथिलीनडायअमीन, कंसावर +३: क्ष + ० = +३, कोबाल्ट +३. दोन्हीकडे धातूला धरणारे हात सहा, पण कंसावरचं चिन्ह उलट.

ईडीटीए तू पाण्याचा जडपणा मोजताना ब्युरेटमध्ये भरशील. तुझ्या मामांच्या बागेतही ते असेल. शेतीच्या दुकानात चिलेटेड झिंक म्हणून जी पावडर मिळते, तिच्या पुडीवर झिंक ईडीटीए १२ टक्के असं छापलेलं असतं. सूत्र असं: बाहेर सोडियम दोन, कंसात झिंक एक आणि ईडीटीए एक. कंसावर −२, क्ष − ४ = −२, झिंक +२. आणि चिलेटेड लोहाच्या पुडीतलं सोडियम फेरिक ईडीटीए: बाहेर सोडियम एकच, कंसावर −१, क्ष − ४ = −१, लोह +३. नुसतं +३ चं लोह चुनखडीच्या जमिनीत टाकलं की ते हायड्रॉक्साइड होऊन बसून जातं, मुळांना मिळत नाही. ईडीटीएच्या सहा हातांत ते विरघळलेलं राहतं. फार अल्कधर्मी जमिनीत हेही पुरेसं टिकत नाही आणि वेगळा चिलेट लागतो, पण तो विषय मामांशी बोल.

उत्तर आल्यावर ते शक्य आहे का, हे बघायची सवय लाव. कोबाल्ट बहुधा +२ किंवा +३, क्रोमियम या प्रकरणात बहुतेक वेळा +३, प्लॅटिनम +२ किंवा +४, झिंक नेहमी +२. पहिल्या ओळीतला कोणताही संक्रमण धातू आपल्या गटाच्या क्रमांकापेक्षा वर जात नाही. क्रोमियम +७ आलं, तर कुठे चुकलं ते शोध.

मात्र शून्य किंवा उणे उत्तर आलं म्हणून खोडू नकोस. निकेलला चार कार्बन मोनॉक्साइड, कंसावर काही नाही: निकेल शून्य. याच संयुगावरून १८९० मध्ये मोंडने निकेल शुद्ध करायची रीत काढली. लोहाला चार कार्बन मोनॉक्साइड आणि कंसावर −२: क्ष + ० = −२, लोह −२. धातू म्हणजे धनच, हे डोक्यातून काढून टाक. कार्बन मोनॉक्साइड धातूकडचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेऊ शकतो, म्हणून त्याच्याबरोबर धातूला असं उणे राहणं जमतं.

नायट्रोसिल, म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकेक, हा लिगँड मात्र अवघड. नायट्रेटच्या परीक्षेत तपकिरी कडं येतं, ते तू बघितलंच आहेस: परीक्षानळी तिरकी धरून काठाने सल्फ्युरिक अॅसिड सोडलं की दोन थरांच्या सीमेवर ते उमटतं. नळी हलवली की नाहीसं होतं. त्यातल्या आयनात लोह एक, पाणी पाच, नायट्रोसिल एक, आणि कंसावर +२. पाठ्यपुस्तकाच्या रीतीने नायट्रोसिलला +१ धरतात, मग क्ष + १ = +२, लोह +१. पेपरात हेच लिही. पण तुला खरं सांगायला हवं: नंतरच्या अभ्यासांत काहींनी लोह +३ आणि नायट्रोसिल −१ असं मांडलं आहे, काहींनी लोह +२ आणि नायट्रोसिल शून्य. कंसावरचा +२ तिन्ही मांडण्यांत तोच. लोहाचा आणि नायट्रोसिलचा इलेक्ट्रॉन इतका सामाईक झालेला असतो की वाटणी करणारा कुठे रेघ ओढतो यावर उत्तर ठरतं. याच कुळातलं सोडियम नायट्रोप्रुसाइड त्या मानाने सरळ आहे: बाहेर सोडियम दोन, आत लोह एक, सायनाइड पाच, नायट्रोसिल एक. क्ष − ५ + १ = −२, लोह +२. रक्तदाब फार चढलेला असताना रुग्णालयात सलाइनमधून देतात ते औषध हेच.

दोन धातू असलेला कंस आला तर समीकरणात २क्ष लिही, आणि मधला दुवा नीट ओळख. दोन कोबाल्ट, प्रत्येकाला पाच अमोनिया, मध्ये दोन ऑक्सिजन. कंसावर +४ असेल तर दुवा पेरॉक्साइड, −२; २क्ष − २ = +४, कोबाल्ट +३. याच्यातून एक इलेक्ट्रॉन काढला की कंसावर +५ होतो. सवयीने पुन्हा −२ धरलंस तर कोबाल्ट साडेतीन येईल. इलेक्ट्रॉन गेला तो कोबाल्टकडून नाही, दुव्याकडून. दुवा आता सुपरऑक्साइड झाला, −१; २क्ष − १ = +५, कोबाल्ट +३ च. याला पुरावा आहे: ऑक्सिजन-ऑक्सिजन बंधाची लांबी पहिल्यात सुमारे १.४७ अँगस्ट्रॉम, दुसऱ्यात सुमारे १.३१. बंध आखडला म्हणजे बदल तिथेच झाला. अपूर्णांक आला की आधी दुव्यावर संशय घे. अपूर्णांक खराही असू शकतो. क्रॉइट्झ आणि ताउबे यांनी १९६९ मध्ये दोन रुथेनियमचा +५ चा आयन बनवला, त्यात दुवा तटस्थ आहे आणि प्रत्येक रुथेनियमला अडीच येतात.

आणि एकच धातू कंसाच्या आतही आणि बाहेरही असला तर? प्रशियन ब्लू घे. १७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये हा रंग अपघाताने सापडला. बाहेर लोह चार. कंसात लोह एक आणि सायनाइड सहा. असे कंस तीन. एका समीकरणात दोन अज्ञात झाले. इथे नुसत्या बेरजेने सुटत नाही, बनवण्याची रीत आठवावी लागते: पिवळ्या बाटलीतलं द्रावण फेरिक क्लोराइडमध्ये घातलं की हा निळा येतो. फेरोसायनाइडचा कंस −४, तसे तीन म्हणजे −१२. बाहेरचे चार लोह मिळून +१२, प्रत्येकी +३. आत +२, बाहेर +३. आता तांबड्या बाटलीतलं फेरीसायनाइड फेरस मिठात घालून बघ. तोही निळाच, आणि जुन्या पुस्तकांत त्याला टर्नबुल्स ब्लू असं वेगळं नाव होतं. तपासल्यावर दोन्ही एकच निघाले: मिसळताक्षणी इलेक्ट्रॉन बाहेरच्या लोहाकडून आतल्या लोहाकडे जातो, आणि पुन्हा आत +२, बाहेर +३ होतं.

शेवटी उलट दिशेचा सराव. नावात रोमन अंकात लिहिलेला असतो तो धातूचा नंबर, कंसाचा नाही. पोटॅशियम टेट्राक्लोरिडोप्लॅटिनेट, रोमन दोन: +२ − ४ = −२, म्हणून बाहेर पोटॅशियम दोन. धातूच्या नावाच्या शेवटी एट आलं की कंस ऋण आहे, एवढं लगेच कळतं.

रविवारी येताना हे सोडवून आण. क्रोमियमला चार पाणी, दोन क्लोरीन, कंसावर +१. व्हॅनेडियमला एक ऑक्साइड, पाच पाणी, कंसावर +२. प्लॅटिनमला सहा क्लोरीन, कंसावर −२. तांब्याला चार सायनाइड, कंसावर −३; तांबं म्हणजे +२ ही सवय इथे बाजूला ठेव. आणि निकेलला चार सायनाइड, एकदा कंसावर −२ धरून, एकदा −४ धरून. दोन्ही आयन खरे आहेत.